नभोवाणीचे मौन

वृत्तातील पक्षपात म्हणजे खोटी बातमी, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती सर्वस्वी चूक नव्हे. परंतु अपुरी आहे. खोटी बातमी आज ना उद्या उघडकीस येते, कारण तिच्याविरुद्ध पुरावा देता येतो. जी बातमी दिलीच नाही, जो प्रश्न विचारू दिलाच नाही, त्याबद्दल पुरावा कोणी व कोठे द्यावयाचा? सरकारच्या हाती असलेल्या नभोवाणीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ही अडचण पावलोपावली येते. नभोवाणीने काय सांगितले हे दप्तरात सापडते. काय सांगितले नाही हे दप्तराबाहेर शोधावे लागते. १९७६ साली महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाची जी मोहीम झाली, तिच्या संबंधात आकाशवाणीने बजावलेल्या कामगिरीचा विचार आम्ही येथे याच दृष्टीने करणार आहोत. आरोग्याच्या क्षेत्रात इतक्या घाईने घराघराच्या उंबऱ्याआत शिरणारे पाऊल सरकारने क्वचितच टाकले असेल. आणि त्या पावलाच्या दोन्ही बाजू लोकांच्या कानी पडण्याचे मार्ग स्वातंत्र्योत्तर काळात इतके अरुंद कधी झाले नव्हते.

या विचारास सुपा हे गाव आम्हांस सोयीचे वाटते. इतिहासाच्या वाचकास 'पुणे-सुपे' या जोडनावातील सुपे आठवेल. ते बारामती तालुक्यातले. आमचे सुपा नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, पारनेर तालुक्यात पुणे-नगर सडकेवर आहे. आज तेथे औद्योगिक वसाहत दिसते. परंतु आम्ही ज्या वर्षांविषयी लिहीत आहोत त्या वर्षी हा मुलूख १९७२ च्या दुष्काळातून नुकता कोठे सावरत होता. १९७१ च्या खानेसुमारीप्रमाणे राज्यातील निम्म्याहून अधिक लोक निरक्षर होते. अशा लोकांना वर्तमानपत्र असून नसल्यासारखेच. सरकार काय करीत आहे, कोणता कायदा येत आहे, कोणत्या औषधाने काय होते, हे त्यांना कळावयाचे ते पुणे-मुंबईच्या केंद्रांवरून ऐकू येणाऱ्या मराठी शब्दांनी. शहरातील सुशिक्षित माणूस रेडिओ बंद करून दुसरीकडे वळू शकत होता. सुप्याच्या शेतकऱ्याला ती सोय नव्हती. म्हणून नभोवाणीच्या न्यायान्यायाचे मोजमाप करावयाचे तर ते शहरातील श्रोत्यावरून न करता अशा गावातील श्रोत्यावरून केले पाहिजे.

प्रथम थोडे मागे जाऊ. भारतातील नियमित नभोवाणी २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झाली. योगायोग असा की, त्याच महिन्यात त्याच शहरी रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र १९२१ सालीच उघडले होते. एकीकडे दूरवर ऐकू जाणारा नवा आवाज, दुसरीकडे एका माणसाने पदरमोड करून चालविलेले मासिक. पहिल्याच्या मागे पुढे सरकार उभे राहिले, दुसऱ्याच्या मागे खटले लागले; १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. संततिनियमनाची आपल्याकडील चळवळ अशी लोकमताशी, न्यायालयाशी आणि रूढीशी उघड्या मैदानात झगडत वाढली आहे, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

त्यानंतरचा एक प्रसंग खुद्द नगर जिल्ह्याशी संबंध असलेला आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाच्या प्रसारास सरकारने साह्य करावे असा ठराव आला. तो मांडणारे पी. जे. रोहम हे स्वतंत्र मजूर पक्षाचे, नगर जिल्ह्यातून निवडून आलेले सभासद होते, आणि त्यांनी सभागृहापुढे मांडलेले विवेचन डॉ. आंबेडकरांनी सिद्ध केलेले होते. ठराव फेटाळला गेला. परंतु तो वादात हरला, हे महत्त्वाचे आहे. प्रतिपक्षाने कारणे दिली, ती नोंदली गेली, आणि आज ऐंशीहून अधिक वर्षांनी आपण ती वाचू शकतो. सुधारणेचा असा पराभव हा तिच्या पुढील विजयाची पूर्वतयारी असतो, कारण विरोधकांच्या शंका कोणत्या हे त्यामुळे सुधारकास कळते.

दुसरा प्रसंग १९५६ सालचा. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. त्या केंद्रावरून युनेस्कोच्या साह्याने ग्रामीण श्रोत्यांसाठी एक प्रयोग करण्यात आला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावी चर्चामंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, ऐकून झाल्यावर आपसांत बोलावे, शंका लिहून केंद्राकडे धाडाव्यात आणि केंद्राने पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे द्यावीत, अशी ही योजना होती. तिचे परीक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे अशी तुलना करून पाहता आढळले ते असे की, ज्ञानात खरी भर पडली ती मंडळांच्या गावी. नुसत्या रेडिओने फारसे साधले नाही. आमच्या मते आपल्याकडील नभोवाणीच्या इतिहासात याहून मोलाचा धडा दुसरा नाही. ऐकणाऱ्यास उलट विचारता आले तर तो शिकतो. नुसते ऐकवले तर तो ऐकतो आणि विसरतो, किंवा ऐकतो आणि संशय धरतो.

दुर्दैवाने नभोवाणीची पुढील वाटचाल उलट दिशेने झाली. ती स्वायत्त असावी अशी शिफारस अशोक चंदा यांच्या समितीने १९६६ सालीच केली होती. ती बाजूस पडली. १९६७ नंतर, केंद्रात एक व राज्यांत दुसरे पक्ष अधिकारावर येऊ लागले तेव्हा, आकाशवाणीसाठी जी आचारसंहिता तयार झाली, तिच्यात राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करणे तसेच केंद्र वा राज्य सरकारवर विरोधी वृत्तीने टीका करणे निषिद्ध ठरले. वरकरणी हा निःपक्षपातच वाटतो. परंतु विचार करता दिसेल की, अधिकारावर असणाऱ्यास स्वतःची योजना सांगण्यास टीकेची गरज नसते; गरज असते ती इतरांस. सर्वांस सारखी लागू असलेली ही बंदी एकाच पक्षाला जाचते. म्हणून १९७५ साली जे घडले त्याचे बीज आणीबाणीच्या अगोदर पेरले गेले होते असे आम्हांस वाटते.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देशाने ती बातमी ऐकली ती पंतप्रधानांच्या मुखातून, आकाशवाणीवरच. काही दिवसांतच माहिती व नभोवाणी खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे गेले. सप्टेंबरात केंद्रसंचालकांच्या परिषदेत आकाशवाणी हे सरकारचे अंग आहे आणि तसेच राहणार, असे श्रीमती गांधींनी स्पष्ट बजावले. विश्वासार्हतेच्या भाषेची त्यांनी त्या प्रसंगी फारशी पत्रास ठेवली नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत चार वृत्तसंस्था मोडून 'समाचार' ही एकच संस्था करण्यात आली. म्हणजे नभोवाणीला बातमी पुरविणारा झराही एकच उरला. पुढे १९७७ च्या ऑगस्टात निघालेल्या श्वेतपत्रिकेत याचे जे मोजमाप आहे ते बोलके आहे. १९७६ च्या डिसेंबरात आकाशवाणीच्या बातमीपत्रांत काँग्रेसच्या प्रवक्त्यांस २,२०७ ओळी मिळाल्या आणि विरोधी पक्षांस ३४. कोणतेही शासकीय पद धारण न करणाऱ्या संजय गांधी यांच्यासंबंधी १ जानेवारी १९७६ पासून १८ जानेवारी १९७७ पर्यंत १९२ बातम्या दिल्या गेल्या. कुटुंबनियोजन हे त्यांच्या पाच कलमांपैकी एक प्रमुख कलम होते.

आता मूळ सुधारणेकडे वळू. १६ एप्रिल १९७६ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. करणसिंग यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. त्यात पुष्कळशी कलमे विचारपूर्वक घातलेली होती. विवाहाचे वय मुलीस १८ व मुलास २१ असावे, शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास अपत्यसंख्येप्रमाणे १५०, १०० किंवा ७० रुपये द्यावेत, राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साह्यापैकी ८ टक्के भाग या कामातील प्रगतीशी जोडावा, असे त्याचे स्वरूप होते. सक्तीचा देशव्यापी कायदा करण्याचे केंद्राने टाळले. परंतु राज्यांना तो करावयाचा असल्यास मोकळीक दिली. त्या मोकळिकीचा लाभ घेण्यात शंकरराव चव्हाण यांचे महाराष्ट्र सरकार सर्वांच्या पुढे होते. कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे जे विधेयक १९७६ साली आपल्या विधिमंडळाने संमत केले, त्याप्रमाणे तीन अपत्ये जिवंत असणाऱ्या जोडप्यापैकी एकाने ठरावीक मुदतीत शस्त्रक्रिया करून घेणे बंधनकारक होणार होते, आणि न करणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा होती. तिन्ही अपत्ये एकाच लिंगाची असल्यास चौथ्याची सवलत होती. विधेयकावर विधिमंडळात विचार झालाच नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु विरोधी पक्षांतील अनेक पुढारी त्या वेळी तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची देखरेख होती. कुटुंबनियोजनाविरुद्धचा मजकूर छापू देऊ नये अशी सेन्सॉरची नीती होती, हे पुढे चौकशीत उघड झाले. दिल्लीतील तुर्कमान गेट आणि उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर येथील गोळीबारांच्या हकिकती लोकांपर्यंत पोहोचल्या त्या कुजबुजीने.

या विधेयकास राष्ट्रपतींची संमती कधीच मिळाली नाही. तो कायदा झालाच नाही. येथे आम्ही वाचकांस क्षणभर थांबून विचार करण्याची विनंती करतो. धोरण, विधेयक आणि कायदा या तीन भिन्न गोष्टी आहेत. धोरण हा सरकारचा मनोदय, विधेयक हा प्रस्ताव, आणि कायदा ही आज्ञा. हा भेद महाविद्यालयात शिकलेल्या माणसास ठाऊक असतो. सुप्याच्या शेतकऱ्यास तो कोणी समजावून द्यावयाचा होता? ते काम नभोवाणीचे होते. विधेयक मंजूर झाले ही बातमी सत्य होती. परंतु ते अजून तुला लागू नाही, उद्या ग्रामसेवक वा शिक्षक दारी आला तर तुला नाही म्हणण्याचा हक्क आहे, हे वाक्य तिला जोडले नाही तर तीच सत्य बातमी श्रोत्याच्या कानी धमकी होऊन पडते. अनेक राज्यांत शिक्षकांना व इतर सेवकांना 'केसेस' आणण्याचे आकडे ठरवून दिलेले होते, आणि न आणल्यास पगाराला धक्का लागे. अशा वेळी श्रोत्याच्या अज्ञानाचा उपयोग कोणास होत होता, हे सांगणे नको.

श्रोत्याचे प्रश्न काही फार गूढ नव्हते. त्या काळी देशात हजार जन्मांमागे सव्वाशेहून अधिक बालके वर्ष भरण्याच्या आत दगावत. दोन मुलांवर थांबल्यावर त्यांतील एक गेले तर काय, हा बापाचा पहिला प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर शेतातील कष्टाचे काम झेपेल काय, हा दुसरा. जखम चिघळली तर डॉक्टर पुन्हा भेटेल काय, हा तिसरा. या प्रश्नांना उत्तरे होती. काही दिलासा देणारी होती, काही अवघड होती. १९६० नंतरच्या दशकात आकाशवाणीच्या केंद्रांवर कुटुंबनियोजनासाठी वेगळे कक्ष उघडले गेले होते, तज्ज्ञ उपलब्ध होते, वीस वर्षांपूर्वीच्या चर्चामंडळांचा अनुभव गाठीस होता. साधने होती आणि माणसेही होती. प्रश्न विचारणे म्हणजे विरोध करणे असे मात्र राज्यकर्त्यांनी ठरविले होते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. लोकसंख्येची वाढ हे खरेच संकट होते. अशा वेळी विरोधी मते प्रक्षेपित केल्याने अडाणी समाजात अफवा पसरतील, आणि सरकारी नभोवाणीने तरी सरकारच्या हितकारक योजनेचा प्रचार का करू नये? प्रचार करू नये असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा १९४६ साली झाला आणि सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्या काळी बी. बी. सी. देखील पूर्ण मोकळी नव्हती. पार्लमेंटात ज्या विषयाची चर्चा पुढील चौदा दिवसांत व्हावयाची त्यावर नभोवाणीने वाद घडवू नये, असा विचित्र निर्बंध तिच्यावर १९४४ पासून होता. परंतु नभोवाणी जेथे गप्प राही तेथे वर्तमानपत्रे बोलत होती. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध, तिने घेतलेले मतदान, बेव्हन यांच्याशी झालेल्या चकमकी, हे सर्व रोज छापले जाई. विरोध ऐकून सरकारने डॉक्टरांच्या शंकांसाठी काही तडजोडी केल्या. सेवा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पंतप्रधान ॲटली यांनी नभोवाणीवरून जे भाषण केले त्यात या सेवेचे श्रेय सर्व पक्षांस दिले. विरोध ऐकून घेतल्याने ती सुधारणा दुबळी झाली नाही, ती टिकली. अफवेविषयी म्हणाल, तर अफवा वाढते ती मौनाच्या सावलीत. जेथे अधिकृत आवाज केवळ स्तुती करतो तेथे निंदेचा सारा मक्ता अफवेकडे जातो.

परिणाम आकड्यांनी पाहावयाचा असेल तर तो असा. देशात १९७५-७६ साली सुमारे २६ लाख शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९७६-७७ साली त्या ८० लाखांवर गेल्या. महाराष्ट्राचे उद्दिष्ट ५ लाख ६२ हजारांचे होते, केल्या ८ लाख ३३ हजार. शहा आयोगाने देशभरातून नोंदलेल्या, शस्त्रक्रियेशी संबंधित मृत्यूंची संख्या १,७७४ आहे, आणि अविवाहितांवर शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी ५४८. त्यानंतरच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा दहा लाखांच्या आत कोसळला. 'कुटुंबनियोजन' हा शब्दच इतका बदनाम झाला की १९७७ साली खात्याचे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' करावे लागले. सर्वांत दूरगामी परिणाम स्त्रियांना भोगावा लागला. १९७६-७७ च्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांवरील होत्या. ती शस्त्रक्रिया सोपीही असते. त्या वर्षाच्या दहशतीनंतर पुरुष या कामातून जे मागे हटले ते हटलेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांच्या शस्त्रक्रियेवर विसंबणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर विसंबणाऱ्यांचे ०.३ टक्के भरले. कर्व्यांनी ज्या कामाचा पाया स्त्रीच्या सुखाच्या विचारावर घातला, त्याचे सारे ओझे अखेर तिच्याच शरीरावर येऊन पडावे, हा दैवदुर्विलास होय. त्याचा सगळा दोष नभोवाणीवर घालणे अन्यायाचे होईल. परंतु विश्वास गमावण्यात तिचा वाटा मोठा होता, यात आम्हांस शंका नाही.

आणि दुसरा मार्ग शक्य नव्हता असेही नाही. त्याच नगर जिल्ह्यात, जामखेड येथे, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला होता. गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांस शिकवून त्यांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवावयाचे, ही त्याची पद्धत. अशी स्त्री प्रथम ऐकून घेई आणि मग सांगे. मूल जगते असा भरवसा आला की आई आपण होऊन पाळणा लांबविण्याचा विचार करते, हे तेथे दिसून आले. १९५६ च्या चर्चामंडळांचे तत्त्व आणि जामखेडचे तत्त्व मुळात एकच आहे.

आणीबाणीनंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. १९७७ च्या निवडणुकीत सर्व पक्षांस प्रथमच आकाशवाणीवरून बोलण्याची संधी मिळाली. बी. जी. व्हर्गीस यांच्या समितीने १९७८ च्या फेब्रुवारीत 'आकाशभारती' या स्वायत्त न्यासाची योजना मांडली. परंतु ज्यांना या मौनाचा सर्वाधिक जाच झाला होता, त्यांनीच अधिकारावर आल्यावर ती योजना पातळ केली, आणि १९७९ चे त्यांचे विधेयक लोकसभेबरोबर विसर्जित झाले. प्रसारभारतीचा कायदा १९९० साली संमत झाला. अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. मध्यंतरी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निर्णयात आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे ठरले. कोणत्याही पक्षाला या इतिहासाकडे बोट दाखवून स्वतः निष्कलंक राहता येणार नाही. विरोधात असता जी स्वायत्तता प्राणप्रिय वाटते, ती अधिकारावर येताच गैरसोयीची ठरते.

प्रसारभारती कायद्याच्या बाराव्या कलमात दोन कर्तव्ये एकत्र सांगितली आहेत. सार्वजनिक हिताच्या सर्व बाबतींत नागरिकास सत्य व वस्तुनिष्ठ माहिती, परस्परविरोधी मतांसह, मिळावी हे एक. आरोग्य व कुटुंबकल्याण यांसारख्या विषयांकडे विशेष लक्ष द्यावे हे दुसरे. ही दोन कर्तव्ये एकाच कलमात यावीत यात आम्हांस १९७६ चे शहाणपण दिसते, मग ते मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात असो वा नसो. विरोधी मत ऐकविल्याशिवाय आरोग्याचे शिक्षण होत नाही. लस असो, विमा असो, की रुग्णालयांची नवी व्यवस्था असो, पुढील प्रत्येक सुधारणेच्या वेळी नभोवाणीची परीक्षा किती ओळी कोणत्या पक्षास मिळाल्या एवढ्यावरून घेऊन भागणार नाही. सुप्याच्या श्रोत्याने कोणता प्रश्न विचारला आणि त्याला कोणते उत्तर मिळाले, हे पाहावे लागेल. ज्या दिवशी बातमीपत्राच्या शेजारी त्या प्रश्नास जागा मिळेल, त्या दिवशी नभोवाणी सरकारची न राहता लोकांची झाली असे म्हणता येईल. आणि सरकारच्या चांगल्या योजनांसही त्याच दिवसापासून खरे श्रोते लाभतील.